उजव्या हाताची उघाडी

विक्रांत बोराटेला संशय आला, तो आलेख फार चांगला होता म्हणून.

वाईट आलेखांचं काय, ते बेलापूरच्या कचेरीत रोज ढिगाने येत. भाड्याने आणलेली माणसं चित्रासमोर उभी राहतात, डोळे उघडे ठेवतात आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करतात, हे यंत्राला लगेच कळतं. हा आलेख तसला नव्हता. कोणीतरी एका बेताच्या चित्राकडे महिनोन्‌महिने असं बघत होतं, की भुकेल्याने ताटाकडेही इतकं मन लावून बघू नये. शंभरापैकी ब्याण्णव गुण.

"ब्याण्णव?" उपायुक्त अंजनगावकर मॅडम त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "बोराटे, मला बघायला आले होते तेव्हा आमच्या ह्यांचेसुद्धा एवढे आले नसते."

हे गुणांचं काय प्रकरण होतं, ते आधी सांगायला हवं.

काळा पैसा धुवायला चित्रासारखा धोबीघाट नाही. सोन्याची किंमत वजनावरून कळते, घराची शेजारच्या घरावरून. चित्राची किंमत दोनच माणसं ठरवतात, देणारा आणि घेणारा. आणि ही दोन्ही माणसं एकच असली तर? एखादा इसम तीन कंपन्या काढतो, कोणा विसरल्या गेलेल्या चित्रकाराचं चित्र पहिलीकडून दुसरीला आणि दुसरीकडून तिसरीला विकतो, दर वेळी भाव चढवतो. शेवटी त्याच्या हातात राहतात ते 'चित्र विकून आलेले' स्वच्छ, इस्त्रीचे पैसे. चित्र बिचारं या सगळ्यात खोक्यातून बाहेरसुद्धा येत नाही. सरकारने पावत्या मागितल्या, पावत्या आल्या. नोंदणी सक्तीची केली, नोंदणी झाली. एवढा भाव कसा, असं विचारलं तर वकील हसून म्हणाले, साहेब, आवड आहे, आवडीला काय मोल?

मग कोणा शहाण्याने म्हटलं, आवड आहे ना, मग आवडच मोजू या.

त्यातून अवलोकन कायदा आला. प्रत्येक महागड्या चित्राला सरकारी चौकट बसली. या चौकटीतून आपल्याला न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर आपटून परत येतो, आणि नजर कुठे टेकली, किती टेकली, तिथून कुठे उडाली, हे चौकटीला कळतं. माणसाची नजर वाहत नाही, ती चिमणीसारखी उड्या मारत हिंडते. कंटाळलेल्या नजरेच्या उड्या वेगळ्या, गुंतलेल्या नजरेच्या वेगळ्या. शिवाय डोळ्याची बाहुली. मन कशात अडकलं की बाहुली केसभर रुंदावते, आणि ते आपल्या हातात नसतं. रडू आवरता येतं, बाहुली आवरता येत नाही. ज्या चित्राला वर्षभरात पुरेसं खरं अवलोकन मिळालं नाही, ते चित्र नव्हेच, तो नुसता दडवलेला पैसा, असं समजून जप्त करायचं. पैसे देऊन बघे आणले तर देणाराही तुरुंगात आणि बघणाराही. बघणाऱ्याचं नाव मात्र गुप्त. कोणी काय बघावं याची सरकारने चौकशी करू नये, म्हणून न्यायालयाने तेवढी अट घातली होती.

या चित्राचं नाव होतं 'पांढरी दुपार'. चित्रकार ग. वा. सडेकर, वारून तीस वर्षं झालेला. मालक शिरगावकर आणि कंपनी, मुक्काम उरणच्या बंदराजवळचं वातानुकूलित गोदाम. वर्षभरात तीनदा हात बदलून भाव कोटींत गेलेला. सगळी लक्षणं ठगाची, आणि गुण मात्र भक्ताचे.

"हे बघा," विक्रांतने पडद्यावर चित्र उघडलं. मिठागर होतं. पांढऱ्या राशी, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, मागे गाव आणि डोंगर. त्यावर नजरेचे लाल ठिपके पडले होते. "उजव्या कोपऱ्यात ही लाकडी झडप आहे, तिथे नजर जाते. तिथून थेट डाव्या कोपऱ्यात. परत उजवीकडे, परत डावीकडे. डावीकडे बाहुली सगळ्यात रुंद होते. आणि डावीकडे काहीच नाहीये, मॅडम. नुसता चिखलाचा बांध."

"रिकाम्या जागेकडे कोण बघतं?"

"तेच म्हणतो."

"मग त्या बाजूला कोणीतरी उभं असणार," मॅडम म्हणाल्या. "चित्राच्या नावाखाली भलत्याच कोणाला तरी बघतायत. जा एकदा, अचानक जाऊन या."

त्या गेल्यावर विक्रांतने बाहुल्यांचा आलेख मोठा करून पाहिला, आणि मग पुन्हा एकदा पाहिला. उजवी बाहुली रुंदावत होती, आणि डावी तिच्या मागून, किंचित उशिराने. प्रत्येक वेळी.

हा आळशी डावा डोळा त्याला माहीत होता. लग्न झाल्यावर दिवे गेले की तो मोबाइलचा उजेड त्या डोळ्यावर पाडून बायकोला चिडवत असे. लहानपणी मिठाच्या राशीवरून घसरताना फावड्याचा दांडा लागला होता, तेव्हापासून ती बाहुली दमाने चालायची. हर्षाली मूळची उरणची, म्हात्र्यांची. एका लॉजिस्टिक कंपनीत पॅकिंगवर देखरेख करते, असं तिने त्याला सांगितलं होतं. म्हणजे त्याने फारसं विचारलं नव्हतं आणि तिने तेवढंच सांगितलं होतं.

कायद्याने त्याने तेव्हाच उठून मॅडमना सांगायला हवं होतं. तो उठला, पाणी प्यायला आणि पुन्हा खुर्चीत बसला.

संशय माणसाला मोठा कामसू बनवतो. नऊ वर्षांच्या संसारात विक्रांतचं जेवताना कधी ताटावरून डोकं वर निघालं नव्हतं. आता तो तिच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवू लागला. ती गुणगुणली की कोणाचं गाणं, फोन उलटा ठेवला की कोणाचा फोन, केसांना वेगळं तेल लावलं की कोणासाठी. डाव्या बाजूला उभा राहणारा तो कोण असेल, याची त्याने उंची, रंग, दाढीसकट कल्पना केली. अगदी शर्टसुद्धा ठरवला.

"काय बघतोस?" हर्षाली सुकट निवडता निवडता विचारायची.

"काही नाही."

"बरं."

तरीही भागेना, म्हणून त्याने कचेरीच्या भांडारातली एक जादा चौकट घरी आणली. आत निसर्गदृश्याचं कॅलेंडर घातलं आणि ती जेवणाच्या टेबलाच्या बाजूला टांगली. तिथून टेबलावरची सगळी तोंडं चौकटीच्या टप्प्यात येत. आपली बायको आपल्याकडे कशी बघते, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. कचेरीत बसून तो हर्षालीची रेघ तपासायचा. अकरा. एखाद्या दिवशी बारा. मिठागराला ब्याण्णव आणि नवऱ्याला अकरा. त्या आकड्याने त्याचं काळीज जळलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी तो उरणला गेला.

शिरगावकर मोठा अदबशीर माणूस निघाला. खादीचा कुर्ता, हळू बोलणं, केशर घातलेला चहा. त्याने अवलोकन कक्ष स्वतः उघडून दाखवला. विक्रांत आधी चित्राकडे गेलाच नाही, डाव्या बाजूला गेला. तिथे कोणी उभं राहील अशी जागाच नव्हती. भिंत होती, आणि तीसुद्धा चित्राला चिकटून. मग त्याने चित्र पाहिलं. बायकांचे हात लाकडी होते, सावल्या दोन दिशांना पडल्या होत्या. कॅनव्हास मात्र खराच जुना होता, आणि रंग भट्टीत असा भाजला होता की रासायनिक चाचणीत तो जुनाच ठरावा. प्रयोगशाळेने तसा दाखला दिलाही होता.

"साधं चित्र आहे," विक्रांत म्हणाला.

"साध्याचीच तर ओढ असते, साहेब." शिरगावकरने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. "आमच्याकडे रसिक येतात, मन लावून बघतात. एक बाई तर अशा बघतात, की आपल्याला वाटावं, देवळात उभ्या आहेत. डोळ्याला थोडी इजा आहे त्यांच्या. डाव्या." तो थांबला. "नाव मी सांगणार नाही, कायदा आहे. पण साहेब, एखाद्या घराची अब्रू आपल्या एका शेऱ्यावर असते. तुम्ही समजदार आहात."

विक्रांत समजदार होता. चित्राला 'निर्दोष' शेरा दिला, तर हा माणूस कोट्यवधी रुपये पांढरे करून मोकळा, आणि पुढचं आयुष्य विक्रांत त्याच्या खिशात. 'संशयित' लिहिलं, तर गुप्त ठेवलेली नेत्रखूण, म्हणजे डोळ्यांवरून पटणारी बघणाऱ्याची ओळख, उघडली जाणार आणि हर्षाली तुरुंगात. शेरा सोमवारपर्यंत द्यायचा होता.

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. हर्षाली कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू शिरगावकरकडे पैसे घेऊन चित्र बघतेस," तो दारातूनच म्हणाला.

तिने हातातली घडी पूर्ण केली. "हो."

"कोण असतो तिथे?"

"कोण म्हणजे?"

"डाव्या बाजूला! कोणाकडे बघतेस तू?"

हर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली आणि मग खाली बसली. "अरे देवा," ती म्हणाली. "म्हणून तू ते कॅलेंडर लावलंस?"

"तुला माहीत होतं?"

"मी रोज तसल्या चौकटीसमोर उभी राहते, विक्रांत. मला ती ओळखू येणार नाय?"

तिचं बोलणं असं उरणवर आलं की ती खरी चिडलेली असायची.

"पॅकिंगमधून काढलं तेव्हा सांगणार होते तुला," ती म्हणाली. "तुझी कचेरी, तुझे छापे, तुला वेळच नव्हता; म्हटलं, दुसरं काही मिळाल्यावर सांगू. मग त्या माणसाने बोलावलं. त्याने काम सांगितलंच नाही आधी. चहा दिला आणि म्हणाला, तुमचं लहानपण कुठे गेलं? मी म्हटलं, इथंच. तुमचं हे गोदाम उभं हाय ना, तेच आमचं मिठागर होतं. तो म्हणाला, सांगा ना. चार-पाच दुपारी मी नुसती बोलत होते. राशी कशा असायच्या, आई टोपली कशी उचलायची, आमचा बापूस कुठं बसायचा. कोपऱ्यात एक चित्रकार बसून रेघोट्या मारत होता. मला वाटलं, त्याचं त्याचं काही चाललंय. महिन्याने मला चित्रासमोर उभं केलं आणि म्हणाले, हे बघायचे पैसे."

विक्रांतला आता कळलं. बघे फसवे निघतात, म्हणून शिरगावकरने उलटं केलं होतं. आधी बघणारा शोधायचा, त्याच्या काळजातलं काय ते काढून घ्यायचं आणि तेच रंगवायचं. मग बाहुली खोटं बोलणारच नाही.

"पण डावीकडे?" त्याने विचारलं. आता आवाज उतरला होता.

"उघाडी," हर्षाली म्हणाली. "भरतीचं पाणी आत घ्यायची झडप. ती बापूस उघडायचा, तिच्याच बाजूला बसायचा. मी सांगितलं, उजव्या हाताला. आमच्या घराकडून उभं राहिलं, तोंड समुद्राकडे केलं, की ती उजवीकडेच. पण त्या चित्रकाराने चित्र काढलं समुद्राकडून. मागं गाव दिसतं ना? मग उघाडी डावीकडे यायला पाहिजे. त्याने आपली मी सांगितली तशी उजवीकडे ठोकली. तिथून भरतीचं पाणी येईलच कसं? मला चैन पडत नाय त्या चुकीने. उजवीकडे बघते, चिडते, आणि डावीकडे बघते. तिथं तो बसलेला असायला पाहिजे."

विक्रांत हळूहळू खुर्चीत बसला. त्याच्यातला अधिकारी नवऱ्याच्या आधी जागा झाला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"सडेकर तीस वर्षांपूर्वी मेला," तो म्हणाला. "त्याने जागेवर बसून काढलं असतं, तर उघाडी बरोबर आली असती. ही चूक तुझ्या सांगण्यातली आहे. म्हणजे चित्र तुझ्या सांगण्यावरून काढलंय. हर्षाली, तू माफीचा साक्षीदार होऊ शकतेस. शिरगावकर सुटूच शकत नाही."

"आणि तू?"

आलेख ओळखून तो इतके दिवस गप्प बसला होता, सरकारी चौकट घरी आणली होती. नोकरी जाणार होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"नाहीतर शेरा देऊन टाकतो," तो म्हणाला. "निर्दोष म्हणून. मिटलं."

"त्या चौकटीत माझे किती आले?" हर्षालीने एकदम विचारलं.

"जाऊ दे ना."

"दाखव."

त्याने टॅब पुढे केला. अकरा पाहून ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. मग तिने बोटाने पडदा सरकवला. चौकट टेबलावरच्या प्रत्येक डोळ्याची नोंद ठेवत होती. विक्रांतने फक्त तिची रेघ उघडली होती. दुसरी रेघ त्याची होती. महिन्याभरात त्याने तिच्याकडे जसं बघितलं होतं, त्याला चौकटीने गुण दिले होते चौऱ्याण्णव.

दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिले. बाहुलीला काय कळणार प्रेम कुठलं आणि संशय कुठला? तिला दोन्हीकडे रुंदावणंच माहीत. सरकारने सगळा कायदा या बाहुलीवर उभारला होता, आणि विक्रांतने आपला संसार तोलायला तीच तागडी घरी आणली होती.

"नऊ वर्षं मी या घरात हाय," हर्षाली म्हणाली. "एवढं मन लावून तू मला कधीच बघितलं नव्हतंस. चोर वाटले तेव्हा बघितलंस." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच होता. "यंत्र आणलंस, पाळत ठेवलीस, उरणला जाऊन आलास. मला विचारलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

त्याला लाज वाटली. त्याने टॅब बंद केला.

"सोमवारी मी मॅडमसमोर जाते," ती उठत म्हणाली. "तुझ्यासाठी नाय. त्या माणसाने माझा बापूस विकायला काढला, म्हणून."

अंजनगावकर मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. विक्रांतने आपला गुन्हा आधी सांगितला, मग हर्षाली बोलली. मॅडमनी खारभूमीचा जुना नकाशा मागवला, चित्र भिंतीवर मोठं केलं, आणि नजरेचा आलेख न दाखवता तिला विचारलं, तुमची नजर कुठे अडते ते दाखवा. हर्षाली भिंतीपाशी गेली आणि तिने त्या रिकाम्या बांधावर बोट ठेवलं, लाल ठिपके जिथे सगळ्यात दाट होते नेमकं तिथे. नकाशातली उघाडीही तिथेच होती.

"सडेकर फार मोठा कलावंत असला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या तोंडून जी चूक होणार होती, ती त्याने मरायच्या आधीच काढून ठेवली."

शिरगावकरला त्याच संध्याकाळी उचलला. हर्षालीला माफी मिळाली. विक्रांत निलंबित झाला. चौकशी पुरी होईपर्यंत कचेरीत पाऊल टाकायचं नाही. ओळखपत्र मॅडमनी स्वतःच्या हाताने काढून घेतलं आणि एकदाही त्याच्याकडे वर पाहिलं नाही.

"चित्र नियमाप्रमाणे नष्ट होईल," त्या हर्षालीला म्हणाल्या. "शेवटचं बघायचं असेल, तर मी परवानगी देते."

"नको," हर्षाली म्हणाली. "चुकीचं हाय ते."

बाहेर बसथांब्यावर दोघंच होते. ऊन रणरणत होतं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि उरणच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. आपण घरी जाणार की ती आईकडे जाणार, हे विक्रांतला माहीत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. मग त्याला वाटलं, आता तरी विचारावं. जे नऊ वर्षांत विचारलं नाही, ते विचारावं.

"तुझे बाबा," तो म्हणाला, "त्या उघाडीपाशी बसून काय करायचे?"

हर्षालीने मान वळवली. तिने त्याच्याकडे पाहिलं, नीट, डोळे बारीक करून, आजवर कधी पाहिलं नव्हतं तसं.

"हे तू ऑफिससाठी विचारतोस," ती म्हणाली, "का तुझ्यासाठी?"

त्याला आता ऑफिस उरलं नव्हतं. उत्तर सोपं होतं. पण ते ओठांवर यायला त्याला क्षणभर उशीर झाला, आणि तो उशीर तिने पाहिला.